बहुमतानं रिकामं केलेलं पोट

या, जरा शेगडीजवळ सरका. चहा ओतून घ्या. आमच्या डोंगरातल्या चॅपेलनं एका घोडीचं पोट बहुमतानं कसं रिकामं केलं, ते आज सांगतो.

सुगी झाली की डोंगरापलीकडच्या गावात प्रवचनांचा मेळा भरतो. आमचे रेव्हरंड इलायस तिथे उभे राहिले की आधी बोलतात, मग गुणगुणतात, आणि शेवटी शब्द असे सुरात चढतात की मागच्या बाकावरचा गवळीसुद्धा डोळे पुसतो. देवानं त्यांना गळा दिला, आणि तो वाहून न्यायला तेवढंच भरभक्कम शरीरही दिलं. पायाला संधिवात. त्यामुळे दरवर्षी त्यांना बग्गीतून डोंगर चढवायचं काम विधवा मारेडबाईंच्या नेली घोडीकडे.

यंदा मारेडबाईंना शंका आली. उन्हाळ्याच्या तोंडाला जमीनदाराचा घोडा कुंपण ओलांडून आला होता. नेली मुळातच गोलमटोल, वरून बघून काही कळेना. मागच्या खेपेला याच चढावर तिचं पोटातलं शिंगरू गेलं होतं, आणि आता तिचं वय पाहता ही शेवटचीच आशा. बाईंनी एकच चूक केली. उपासना संपल्यावर त्यांनी सर्वांसमोर विचारलं, "नेली गाभण आहे का, हे कसं कळेल हो?"

आमच्या चॅपेलात प्रश्न विचारला की त्याची समिती होते.

समितीनं जुन्या रिवाजानुसार नेलीच्या कानात गार पाणी सोडलं. नुसतं डोकं झटकलं तर गाभण, सगळं अंग झटकलं तर रिकामी. नेलीनं डोकं झटकलं आणि अध्यक्ष एझ्रा दुकानदारांना लाथ घातली. लाथ अंगात धरायची की नाही, यावर समितीत फूट पडली. मग बेवन गवय्यानं घोडीच्या कुशीला कान लावला.

"ऐकू येतंय का रे काही?"

"येतंय. पण ताल चुकतोय."

"आपल्याकडचं शिंगरू तालात चुकणार नाही," एझ्रा म्हणाले. "म्हणजे आतडीच असणार."

शेवटी मारेडबाईंनी स्वतःच जनावरांच्या डॉक्टर टेगिडना बोलावलं. त्यांनी बाही वर केली, साबण लावला, हात आत घातला आणि म्हणाले, "गाभण आहे. चढावर जुंपू नका."

"डॉक्टर, तुम्ही कुठल्या चॅपेलचे?" एझ्रांनी नम्रपणे विचारलं.

"खालच्या. बाप्टिस्ट."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बाप्तिस्मा देताना माणूस अख्खा पाण्यात बुडवल्याशिवाय ज्यांची खात्री पटत नाही, त्यांनी कोपरापर्यंतच्या हातावरून निदान करावं! बाहेरच्या पंथाचं मत म्हणून ते आदरपूर्वक बाजूला ठेवण्यात आलं.

सभा भरली. घोडी गाभण ठरली तर रेव्हरंड जाणार कसे? आणि ते गेले नाहीत तर मेळ्यात गाणार कोण, बाप्टिस्ट? ठराव मांडला गेला: नेली गाभण नाही, आणि बग्गी गेलीच पाहिजे. हात वर झाले. विरोधात एकच.

"पण मागचं शिंगरू तिथेच गेलं होतं हो, एझ्राभाऊ!"

"मारेडबाई, ते शिंगरू या सभेपुढे कधी आलंच नव्हतं. तुमच्यावर कुणाचा राग नाही. फक्त बहुमत आहे."

मेळ्याच्या सकाळी बग्गी निघाली. अर्ध्या चढावर नेलीला धाप लागली, तशा मारेडबाई बग्गीला आडव्या आल्या. त्यांनी पट्टे सोडले आणि घोडी घेऊन त्या उताराला लागल्या.

"अहो बाई, ठराव झालाय!" एझ्रा ओरडले.

"मग ठरावालाच जुंपा की!"

बग्गी गेलीच पाहिजे, असं ठरावात होतं. ती कुणी ओढायची हे नव्हतं. तेव्हा समितीचे सगळे सभासद दांड्यांना लागले. आत रेव्हरंड नम्रतेवरच्या प्रवचनाचा सराव करत होते. इतकं गोड गात होते, की बेवन गवय्या ओढता ओढता 'आमेन' म्हणाला आणि बग्गी मागे घसरली.

वसंतात नेली व्याली. शिंगरू काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. मारेडबाई त्याला पुसताना रडत होत्या आणि हसतही होत्या. पण केलेला ठराव मागे घेणं चॅपेलच्या प्रतिष्ठेला शोभेना. म्हणून पुन्हा सभा होऊन शिंगराला 'पाहुणा' ठरवण्यात आलं. पाहुणा अजून मुक्कामाला आहे. एझ्रा त्याला रोज गाजर देतात. तो कुठून आला, हे मात्र विचारत नाहीत.

हसलात? हसा. आता आमचं चुकलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा पाहू.

बघा, शेजारच्यानं केलाय का, हे आधी पाहिलंतच ना!

असो. आज झोपण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा मारेडबाईंचंही घ्या. भरल्या सभेत एकटीनं वर धरलेला हात फार दुखतो.