उलटी चप्पल

"आजी, चालायच्या या पट्टीवर लुजैनशिवाय कोणीही पाय ठेवायचा नाही. काय वाटेल ते होवो," डॉक्टर नग्लाने बजावलं.

अलेक्झांड्रियाच्या त्या बालरुग्णालयात मुलांचं चालणं कॅमेऱ्याने मोजायचं काम नग्लाचं, आणि आपलं मोजमाप कधी फुकट जात नाही याची तिला घमेंडच होती म्हणा ना. सहा वर्षांच्या लुजैनच्या पायांचे स्नायू जन्मापासून ताठ, त्यामुळे ती चवड्यांवर चालायची. वर्षभर नग्लाने तिच्याकडून व्यायाम करून घेतले, इनसाफआजीने रोज पाय ताणून दिले, आणि आता टाचा टेकायला लागल्या होत्या. पण सर्जन वगदींना ते पटेना. आज कॅमेऱ्यात टाचा टेकलेल्या दिसल्या नाहीत तर ऑपरेशन, असं सांगून ते स्वतःच बघायला येऊन बसले होते.

लुजैनच्या पायांवर कॅमेऱ्याने टिपायचे चमकणारे मणी चिकटवून झाले. "घरी चालतेस तशी चाल," नग्ला म्हणाली. आता तीन मोठी माणसं डोळ्यांत तेल घालून पायांकडे बघत असताना घरच्यासारखं कोण चालेल? पोरगी बावरली, पाय ताठले, आणि ती चवड्यांवरच तुरुतुरु गेली. वगदींनी मान हलवली. आजीने त्यांच्या नावाने पुन्हा बोटं मोडली.

नग्लाने लुजैनला मागे आणून पुन्हा कॅमेरा सुरू केला. तेवढ्यात पट्टीच्या पलीकडे, दाराशी, आजीला स्वतःची चप्पल दिसली. घाईत काढलेली, उलटी पडलेली, तळ थेट वर देवाकडे; तिकडे हा देवाचा अपमानच मानतात. आजी ताडकन उठली. नग्लाने तिला धरून बसवलं. म्हणाली, "चप्पलच आहे, आग नाही लागलीय. नंतर बघू."

आजी बसली, पण पुटपुटत राहिली. वगदी शिकलेसवरलेले गृहस्थ. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग चपलेकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून ती सुलटी करायला बुटांसकट थेट पट्टीवरूनच निघाले. नग्ला ओरडली तसे मध्येच थबकले. मग काय, जुंपली. चप्पल अशी ठेवून कोणाला सुचतं का काही, असं ते म्हणाले. माझ्या मोजमापाचं मातेरं केलंत, असं ती म्हणाली. सकाळपासून ज्यांच्या नावाने बोटं मोडत होती त्याच सर्जनची बाजू घेऊन आजीही त्यात पडली. चप्पल मात्र तशीच उलटी.

"तुम्ही नुसते भांडताय," लुजैन वैतागून म्हणाली. ती पट्टीवरून, वगदींना वळसा घालून, नीट टाचा टेकत दारापर्यंत गेली, दाराला धरून वाकली आणि चप्पल सुलटी केली. तिच्या पायांकडे बघत कोणीच नव्हतं, म्हणून ती अगदी घरच्यासारखी चालली.

भांडणाच्या भरात नग्ला कॅमेरा बंद करायलाच विसरली होती. पडद्यावर वगदींनी ते चालणं पुन्हा पुन्हा पाहिलं.

"टाचा टेकतायत," ते म्हणाले. "ऑपरेशन नको."

आजी ढसाढसा रडली आणि नातीच्या पायांचे मण्यांसकट मुके घेत सुटली.

नग्ला लगेच सावरली. माझं मोजमाप फुकट जात नाही, मी म्हणतच होते, असं तिने सुनावलं. पुढच्या मुलासाठीही दाराशी चप्पल उलटीच ठेवायची, हेही तिने ठरवून टाकलं. पण ठेवणार कोण? आजीने आपली चप्पल पोटाशी धरली. वगदींना एकदम काम आठवलं. शेवटी नग्लाने स्वतःची काढली, पण मुद्दाम उलटी ठेवायला तिचाही हात धजेना. तिने डोळे मिटले आणि ती भिरकावली.

सुलटी पडली. आणि खरं सांगायचं तर नग्लाला हायसंच वाटलं.