हेडमास्तर पिवळे पडले त्याची गोष्ट

निवृत्त हेडमास्तर डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी आले ते संतापलेलेच. तासभर ताटकळत ठेवलं, थेंब घालून पार आंधळं केलं, वर हातात सुई खुपसून शिरेत कसलासा रंग सोडला. नर्स त्या रंगाबद्दल काही सांगायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच गप्प केलं होतं.

दार उघडताच बायको दोन पावलं मागे सरकली. हेडमास्तर नखशिखांत पिवळे झाले होते. थेंबांमुळे त्यांना आरशात स्वतःचं नाकही धड दिसेना, त्यामुळे बायको थट्टा करतेय असं वाटून ते आणखीच भडकले. पण मग बाथरूममध्ये गेले आणि बाहेर आले ते गप्प होऊन. लघवीचा पिवळाजर्द रंग त्यांनाही दिसला होता.

कावीळच, असं बायकोने ठरवलं. ती पाण्यातून होते, असं शेजारणीने सांगितलं आणि हेडमास्तरांना शत्रू सापडला. इमारतीची टाकी साफ करा म्हणून ते वर्षभर चिटणिसाच्या मागे लागले होते. भिंत चाचपत ते त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले. "हे तुमचं पाणी."

चिटणिसाची बोबडी वळली. त्याने इमारतीचं पाणी बंद केलं आणि टाकी रिकामी करायला घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आपला नवराही पिवळट वाटू लागला. एक गृहस्थ अंगाला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून खाली आले आणि जिन्यात भांडणाला तोंड फुटलं.

संध्याकाळी सून कामावरून आली ती थेट या गर्दीत. ती प्रयोगशाळेत माशांच्या इवल्या पिल्लांच्या शिरांत असाच रंग सोडून बघायची. सासरे त्याला 'मासे रंगवणं' म्हणत. रंगाने अंग पिवळं होईल, हे तिने त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तिचं डोकं तडकलं, पण आवाज तिने चढू दिला नाही.

"ही कावीळ नाही. त्या तपासणीचा रंग आहे, उतरेल. अंगातल्या बारीक शिरांमधून तो झिरपतो, म्हणून कातडी पिवळी होते. फक्त मेंदू आणि डोळ्याचा पडदा, इथल्या शिरा झिरपत नाहीत. बाळ पोटात असतानाच त्या शिरांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटायला लागतात. बाबांच्या डोळ्यात ती शिवण कुठे उसवलीय का, एवढंच बघायचं होतं."

"मेंदूत काही शिरत नाही ना? मग बरोबर आहे," टॉवेलवाले म्हणाले.

आता सगळा जिना हेडमास्तरांवर तुटून पडला. ते घरात गेले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. डाव्या डोळ्यात एका जागी रंग झिरपला होता. वेळेत कळलं, उपचारांनी नजर वाचेल, असं ते म्हणाले. हेडमास्तरांनी फोन ठेवला आणि सुनेला समोर बसवून सगळं पहिल्यापासून समजावून घेतलं. मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

रविवारी त्यांची खरडपट्टी काढायला इमारतीची सभा भरली. सून पोचली तेव्हा हेडमास्तर खडूने भिंतीवर शिरा काढत होते आणि टॉवेलवाले गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते.

"ही शिवण जन्माआधीच पुरी होते," हेडमास्तर म्हणाले.

"पुरी नाही, बाबा," सून हळूच म्हणाली. "जन्मानंतरही काही काळ ते काम चालू असतं."

हेडमास्तरांनी खडू खाली ठेवला.

"तुझं माशांचं असेल," ते म्हणाले. "इथे माणसांचं चाललंय. बस खाली."