तांबडीचं पाणी

ताडकळसला कुणी भेटलं की माणसं जयभीम म्हणतात, रामराम म्हणतात. आमचे सुदाममामा विचारतात, "जनावरं धष्टपुष्ट हायत ना?" बँकेतल्या साहेबाला विचारलं, तर तो घाबरून म्हणाला, "एक मांजर आहे." हा प्रश्न मूळचा मंगोलियातला. तिकडे आधी जनावरांची खुशाली विचारतात.

मामा इतिहासाचे मास्तर. धडा कुठलाही असो, तास संपेस्तोवर ते मंगोलियाच्या माळावर पोचलेले. "तिथलं लेकरू चालायच्या आधी घोड्यावर बसतं," ते फळ्यावर खडू आपटत, "आन् माझ्या वरातीला कुणी घोडी देईना! आमी बसलो की तिला ईटाळ व्हतो म्हणं!" मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटतो; पण या एका वाक्यासाठी मला मामा माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा मोठे वाटत.

निवृत्त होताच त्यांनी घोडी घेतली. मंगोल लोक घोड्याला नाव ठेवत नाहीत, रंगावरून ओळखतात. म्हणून ती नुसती तांबडी. वस्तीतला प्रत्येक नवरदेव तिच्यावरून मिरवला, तोही फुकट. लगाम मात्र मामांच्या हाती, आणि छाती नवरदेवाच्याही पुढे.

गेल्या उन्हाळ्यात तांबडी मेली. मामांनी ती शेतात पुरली आणि काही महिन्यांनी कवटी उकरून आणली. गच्चीवर दगडांचा ढीग रचून त्यावर मांडली, निळं फडकं बांधलं. "मंगोल लोक लाडक्या घोड्याचं डोकं उंचावर ठेवतात. कुणाचा पाय पडू नये म्हणून."

तेव्हापासून दिवेलागणीला गच्चीवरून शीळ यायला लागली. लांब, बारीक. ती आली की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबत.

"कवटी शीळ घालायलीय बाबा," शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या. "माझी सून माहेरला पळाली. काढा ते, न्हाईतर आमी फेकून देतो."

मी चवताळलो. भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटणारा मी, आणि माझ्याच मामांच्या घरावर हा आळ! "वारा आहे तो," मी गल्लीला ठणकावलं. "भोकं बुजवतो. तरीही शीळ आली, तर उद्या मीच कवटी उतरवीन." मामा बाजाराला गेलेले पाहून मी कवटीच्या डोळ्यांत, नाकात चिंध्यांचे बोळे कोंबले.

संध्याकाळी सगळी गल्ली खाली जमली. वारा पडलेला. कुत्री गप्प झाली, आणि शीळ आली.

शांतामावशींनी माझ्याकडे पाहिलं. पळावंसं वाटलं, पण पत्रकवाल्याला पळता येत नाही. जिना चढलो.

कवटीपुढे पाण्यानं भरलेली बादली होती. मागे मामा बसले होते. गुरांना पाणी पाजताना घालतात तशी शीळ घालत.

"मामा, ती मेलीय."

"ठावं हाय मला." त्यांनी ओठ पुसले. "आता नवरदेव जीपच्या टपावर बसायलेत. मला कोण बोलवतंय? संध्याकाळी हिला पाणी पाजायचं, तेवढंच काम हाय. उद्या खुशाल उतरव. पण आज ते बोळे काढ. वरात यायलीय. दिसू दे तिला."

लांबून बँड ऐकू येत होता. मी बोळे काढले, कठड्याशी गेलो आणि खाली ओरडलो, "वाराच आहे, मावशी! कवटी इथंच राहणार."

वळून पाहिलं. मामांचे ओठ मिटलेले होते. तरी शीळ येत होती. निळं फडकं हलत नव्हतं.