दुपारच्या झोपेचा वैरी

आमच्या आळीत दुपारी झोपायचं असेल तर दाराला आतून कडी लावावी लागते. भीती चोराची नाही, भिकूकाकांची. ओटीवर कोणी आडवं दिसलं की सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ फाटक उघडून आत येतात, झोपलेल्याचे दोन्ही खांदे थोपटतात आणि सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "बरा हायस ना?" माणूस दचकून उठला की त्याच्या छातीकडे नीट बघून घेतात, "झोप, झोप" म्हणतात आणि पुढच्या घरी जातात. झोप मोडून वर झोपायची परवानगी देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

कोकणातला माणूस एक वेळ बांधाचं भांडण विसरेल, पण मोडलेली झोप विसरणार नाही. त्यात माझा धंदा पर्यटकांना खोल्या देण्याचा. पुण्याच्या एका पाहुण्याला काकांनी सुपारीच्या सावलीत असं उठवलं. जाताना तो मला म्हणाला, तुमचे शेजारी फार काळजी घेतात, पुढच्या वेळी जरा कमी घ्यायला सांगा.

हे वेड लागलं ते गावात यंत्र आलं तेव्हापासून. बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र एका कंपनीने ग्रामपंचायतीला भेट दिलं. नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो निघाले. मग डॉक्टरीणबाई रबरी पुतळ्याची छाती कशी दाबायची ते दाखवू लागल्या, तोवर पानं मांडली गेली आणि पुतळ्यापाशी एकटे भिकूकाका उरले. यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून सरपंच नामदेवरावांनी ते कपाटात घालून कुलूप लावलं. "यंत्र गेलं तर दुसरं मिलंल, मानूस कुठून आनशील?" असं काका दर ग्रामसभेला विचारत, आणि ग्रामसभा पुढच्या विषयाकडे वळत असे.

खंडेनवमीला मात्र कपाट उघडलं. पंचायतीचा कॉम्प्युटर, पाण्याच्या पंपाचे पाने आणि ते यंत्र पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. प्रसादाचं जेवण झालं. नामदेवराव खुर्चीतल्या खुर्चीत कलंडले आणि घोरू लागले. यात नवल काही नव्हतं, ते सभेतही घोरतात. काका उठले, तेव्हा कोणीतरी म्हणालं की आज सरपंचांना तरी सोडा, आणि हशा पिकला.

काकांनी खांदे थोपटले. विचारलं. पुन्हा विचारलं. मग छातीकडे बघितलं.

"हे घोरनं न्हाय," ते म्हणाले. "श्वास तुटतोय याचा."

त्यांनी नामदेवरावांना फरशीवर आडवं केलं, गुडघे टेकले आणि हात ताठ करून छाती दाबायला लागले. एकजण कांदा फोडून नाकाला लावायला आला, त्याला त्यांनी अँब्युलन्सला फोन करायला पिटाळलं आणि मला यंत्र आणायला सांगितलं. मी पाटापाशी गेलो तर भटजींनी हात आडवा केला. उत्तरपूजा उद्या, तोवर काही हलवायचं नाही.

"उचल," काका दाबता दाबता म्हणाले. "पाप माझ्या नावावर घाल."

पाकळ्यांसकट मी ते आणलं. पट्ट्या छातीला चिकटल्या. यंत्राने हिंदीत सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं, आणि पंचायतीत सांगितलेलं सर्वांनी ऐकलं असं पहिल्यांदाच घडलं. झटका बसला. काका पुन्हा दाबू लागले. गाडी आली तेव्हा नामदेवराव कण्हत होते, आणि ते कण्हणं ऐकून मला रडू आलं.

दिवाळीच्या आधी नामदेवराव घरी आले. यंत्र पूजेत होतं म्हणूनच पावलं, यावर गावाचं एकमत झालं. आता ते पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर असतं, बिनकुलपाचं, रोज ताजा झेंडू वाहिलेलं.

काकांचा सत्कार ठरला, पण ते फिरकलेच नाहीत. शाल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर झोपाळा रिकामा होता आणि ते शेजारी जमिनीवर बसले होते. काकी काही वर्षांपूर्वी याच झोपाळ्यावर झोपेत गेल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"दुपारची आडवी झाली व्हती," ते म्हणाले. "म्हटलं दमली हाय, झोपूदे. अंगावर चादर घातली. पोरं अंगनात ओरडत व्हती, त्यांना हाकललं. सगली दुपार पावलं न वाजवता फिरलो. चहाला उठवायला गेलो, तवा कललं."

मी शाल त्यांच्या हातात दिली. त्यांनी शालीची घडी सारखी केली आणि ती झोपाळ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक उघडं ठेवून मी मुद्दाम ओटीवर आडवा झालो. झोप कसली येतेय. थोड्या वेळाने दोन्ही खांद्यांवर हात पडले.

"बरा हायस ना?"

"बरा हाय, काका."

त्यांनी माझ्या छातीकडे नीट बघून घेतलं. "झोप, झोप," म्हणाले, आणि पावलं न वाजवता फाटकाबाहेर गेले.