द्वारकाबाईंच्या कुरडया व गच्चीवरील सूर्यकारखाना

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. जो रोज येतो आणि ज्याचे बिल येत नाही, त्यास दंडवत घालून लिहितो जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्रमासी एका पाचमजली राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्याचे कारभारी विसाजीपंत मोघे. मनुष्य भला, परंतु एक गोष्ट डोक्यात शिरली म्हणजे जेवतानाही तीच बोलावी. त्या मुलखी उन्हाळा लागला की वीज रुसून जात असे, आणि मग लिफ्ट अडे, आणि पंप बंद पडे, आणि वृद्ध मंडळी जिन्यात धापा टाकीत बसत. म्हणोन पंतांनी मनसुबा केला की गच्चीवर सोलरचे पत्रे मांडावे, आणि ऊन साठविणारी बॅटरी ठेवावी, आणि लिफ्ट व पंप सूर्याचे चाकरीस लावावे. मग दरबार भरविला. राज्याचा रिवाज ऐसा की सर्व घरांनी होय म्हटल्यावाचून गच्चीवर खिळाही ठोकू नये. कोणी म्हणाले पत्रे वादळात उडतील, आणि कोणी म्हणाले गच्ची गळेल, आणि कोणी पुसिले पावसाळ्यात काय करावे. पंतांनी सर्वांची समजूत काढिली. मग पहिल्या मजल्याच्या द्वारकाबाईसाहेब बिडवे उठल्या.

"विसाजी, गच्ची तुझ्या पत्र्यांनी भरलीस, तर माझ्या कुरडया काय तुझ्या टकलावर वाळवू?"

दरबार हसला आणि मसलत बुडाली. परंतु बाईंचे बोलणे थट्टेचे नव्हते. त्यांचा पुत्र हेमंत सातासमुद्रापार चाकरीस, त्यास दरसाल आईच्या हातच्या कुरडया जात. तेवढेच घर त्याच्या ताटात पोहोचे.

मग काही दिवसांनी बाईंनी गहू भिजवून, वाटून, चीक शिजविला. चीक कढत असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, गार जाहला म्हणजे दगड. बाईंचे गुडघे अधू, म्हणोन पातेले घेऊन खाशा लिफ्टमध्ये स्वार जाहल्या, आणि तिसऱ्या व चौथ्या मजल्याचे मध्ये वीज गेली.

पंत किल्ली घेऊन धावत आले, आणि जाळीतून ओरडले, "काकू, घाबरू नका!"

"मी कशाला घाबरते मेल्या! चीक गार होतोय!"

दार उघडेतो चीक घट्ट होऊन पातेल्यास चिकटला. शेजारचे गृहस्थ त्याच आठवड्यात हेमंताकडे जावयाचे होते. नवा गहू भिजवून, कुरडया वाळवून होईतो त्यांचे विमान निघून जाणार. बाई पातेले घासता घासता रडल्या. आम्ही पाहिले, आणि आम्हांसही फार वाईट वाटले.

दुसरे दिवशी बाई आपण होऊन पंतांचे दारी गेल्या आणि बोलिल्या, "लाव तुझे पत्रे. पण पुरुषभर उंच लाव, आणि पूर्वेकडची बाजू मला सोड."

पंतांनी पत्रे उंच खांबांवर चढविले, आणि पूर्वेची बाजू मोकळी ठेविली. परंतु वीजखात्याचा अंमल निराळा. आज साहेब रजेवर, उद्या मीटर संपले, परवा पुन्हा अर्ज करा. ऐसे करीत पावसाळा गेला, आणि दिवाळीही गेली. पंत त्या कचेरीत इतके बसले की तेथील शिपाई त्यांस न पुसता चहा देऊ लागला. अखेर माघमासी जोडणी जाहली.

शके १९४७, चैत्र. बाईंनी पुन्हा चीक शिजविला, आणि लिफ्टपाशी आल्या, आणि इतक्यात भोवतालच्या अवघ्या मुलखाची वीज गेली. समोरच्या राज्यातून "गेली, गेली" ऐसा गजर उठला. बाई पातेले छातीशी धरून उभ्या राहिल्या. पंत धावत आले आणि त्यांनी बटण दाबिले. लिफ्ट हलली. चीक वाफाळता गच्चीवर पोहोचला. पत्र्यांचे सावलीत बायका सोऱ्या घेऊन बसल्या आणि पूर्वेच्या उन्हात कुरडया पडल्या. तेव्हापासून गच्चीवर धूळ नको म्हणोन बाई पत्रेही पुसून घेतात, आणि वीज अधिक येते, आणि पंत त्याचे श्रेय आपणांकडे घेतात.

कुरडया पोहोचल्या तेव्हा हेमंताचा फोन आला, "आई, यंदा आल्या गं!"

"अरे, यंदा उन्हानंच मला वर नेलं," बाई बोलिल्या, "आणि मग त्यानंच वाळवून दिल्या."

एवंच, राज्य सुखी, लिफ्ट चालती, पंतांचे घरीही डबाभर कुरडया पोहोचल्या. पैकी दोन तळलेल्या आम्ही खाल्ल्या, म्हणोन हे लिहिणे साक्षीनिशी खरे मानावे.