यंत्रोबाचा डबा

यादवरावांचं डोकं पिठाच्या स्टीलच्या डब्यात अडकलं, तेव्हा त्यांची बायको छाया कणीक मळायला पीठ घ्यायला आली होती.

“अहो, काढा तो डबा! माझ्या लग्नातला आहे!”

“निघत नाहीये गं,” डब्यातून घुमत आवाज आला.

त्र्याण्णवच्या सुमारास नाशिकच्या केबलवर ‘शुक्रावर स्वारी’ नावाची मालिका लागायची. तिच्यातला यंत्रमानव यंत्रोबा म्हणजे नाशिक रोडचे हे यादवराव. पण अंगभर पत्रा, त्यामुळे चेहरा कुणाला दिसलाच नाही. निफाडच्या सासूबाई सगुणाबाई भर पंगतीत म्हणायच्या, “जावई म्हंत्यात पत्र्यात मीच होतो. आता पत्र्यात कोन होतं, ते देवालाच ठावं!” पंगत हसायची आणि यादवराव मान खाली घालून जिलेबी खायचे. पण ते त्यांना फार लागायचं.

आता दोन हजार सहामध्ये त्याच मालिकेचं कार्टून निघत होतं. दिग्दर्शक ज्ञानेशने आवाजासाठी जुनेच कलाकार बोलावले होते. शिवाय पडद्यामागच्या गमतीजमती छापायला पेपरचा फोटोग्राफर येणार होता. म्हणजे एकदाचा चेहरा पेपरात! यादवरावांनी केस कापले, मिशा काळ्या केल्या. मग त्यांना आठवलं, की यंत्रोबाचा आवाज पत्र्यामुळेच घुमायचा. सराव करावा म्हणून त्यांनी डबा रिकामा करून डोक्यात घातला. आत जाताना कान निमूट गेले, बाहेर यायला मात्र तयार होईनात.

खोबरेल तेल झालं, साबण झाला. शेवटी छायाने त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. रिक्षावाला वळून म्हणाला, “काका, हेल्मेट टू-व्हीलरला लागतं. रिक्षात नाय लागत.”

स्टुडिओत ज्ञानेश तर नाचायचाच बाकी राहिला. “वा! याला म्हणतात तयारी! अगदी तोच आवाज!”

“अहो, मला बाहेर काढा!” यादवराव कळवळले.

“हाच कळवळा ठेवा. यान पेटतं त्या सीनला लागेल.”

रेकॉर्डिंग झकास झालं. फोटोग्राफर आला, फोटो काढून गेला, आणि मग पत्र्याचं काम करणारा कात्री घेऊन आला. डब्याचे दोन तुकडे झाल्यावर यादवराव बाहेर पडले. काळ्या केलेल्या मिशा पिठाने पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

रविवारी पेपरात फोटो आला. भला मोठा, स्वच्छ, चकचकीत डबा. यादवराव चहासुद्धा न पिता बसून राहिले. तेवढ्यात निफाडहून फोन आला.

“जावईबापू, तुमीच ते यंत्रोबा! आज पटलं बगा मला. साऱ्या आळीला सांगून आले!”

यादवरावांना भरून आलं. “पण आई, चेहरा तर दिसत नाही. ओळखलंत कसं?”

“पेपर उलटा धरला तवा कळलं. डब्यावर नाव हाय ना, ‘चि. छायास आईकडून सप्रेम भेट’! माझाच डबा त्यो. नीट हाय ना? उद्या येतेच बघायला.”

यादवरावांनी ओट्यावरच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. मग रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरून ते हळूच म्हणाले, “आई, खरं सांगू का? पत्र्यात मी नव्हतोच.”