आनंदी बर्फ

चिंचणीच्या बर्फ कारखान्याचे नवे मॅनेजर कमलाकांतराव मुंबईत कुणाचं तरी व्याख्यान ऐकून आले आणि विक्रीच्या खिडकीवरच्या पुंडलिकाच्या नशिबी हसणं आलं. गिऱ्हाइकापुढे 'नाही', 'बंद', 'बिघडलं' हे शब्द काढायचे नाहीत. चेहरा सदा प्रसन्न!

दुसऱ्याच सकाळी यंत्राचा पट्टा तुटला. पुंडलिक धावत मिस्त्री शांतारामकडे गेला.

"पट्टा आराम करतोय," शांताराम घाबरत म्हणाला.

"उठणार कवा?"

"पालघरवरनं नवा आला की."

बाहेर पापलेटाच्या पाट्या घेऊन कोळणी बसल्या होत्या. सर्वांत पुढे पुंडलिकाची सख्खी मावशी जमुना.

"बर्फ झाला का रे?"

"होतोय मावशी," पुंडलिक हसला. मागून कमलाकांतराव पुटपुटले, "अजून मोकळं हस!" त्याने होते नव्हते तेवढे दात दाखवले.

"दाढ दुखते का तुजी?" मावशीने काळजीने विचारलं.

त्याचं हसू पाहून नव्या येणाऱ्याही बसत गेल्या. ऊन चढलं. माश्या घोंगावू लागल्या. मावशी पाटीवरचं गोणपाट पुन्हा पुन्हा ओलं करत होती.

"पुंडलिका, बर्फ हाय का नाय, येवडंच सांग."

"बर्फ... येण्याच्या आनंदात हाय."

मावशीने गोणपाट उचलून पापलेटाचा धुरकट होत चाललेला डोळा पाहिला आणि पुन्हा झाकला. ते मात्र पुंडलिकाला बघवेना.

"नाय!" तो ओरडला. "पट्टा तुटलाय! आज बर्फ नाय! मीठ लावा, पळा!"

शिव्या देत बायका पळाल्या. निम्मा माल मिठात वाचला, निम्मा वास मारू लागला. कमलाकांतरावांनी हसतमुखानेच पुंडलिकाला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा चढला. बर्फाच्या लाद्या बाहेर आल्या. कमलाकांतराव स्वतः खिडकीत उभे राहिले. "या! बर्फ तयार आहे!"

एकही बाई उठली नाही.

"तुमचा कालपन तयारच व्हता," जमुना म्हणाली. "पुंडलिकाला आना. तो हाय बोलला तर हाय."

उन्हात लाद्या पाझरू लागल्या. शेवटी कमलाकांतराव घामाघूम होऊन पुंडलिकाच्या दारात पोचले. तो नुकताच ताटावर बसला होता.

"पुंडलिक, जरा चल. आत्ताच्या आत्ता येतोस ना?"

पुंडलिकाने भात कालवला, घास तोंडात घातला, नीट चावून गिळला.

"नाय," तो म्हणाला. "जेवून येतो."

कमलाकांतराव उंबऱ्यावर बसले. त्यांचा चेहरा चांगलाच पडला होता, आणि पुंडलिकाला ते पहिल्यांदाच जरा बरे दिसले. त्याने आतल्या बाजूला मान वळवली.

"आई, सायबांना पन वाढ."